थोडक्या पैशांचा चित्रपट

आमच्या तालुक्याच्या गावी काही हौशी शिक्षकांनी एक चित्रपट मंडळ चालवले आहे. महिन्यातून एखादा खेळ होतो. पडदा शाळेचा, सतरंज्या शाळेच्या, आणि येणारी माणसे पन्नास-साठ. अशाच एका खेळाला मी आमच्या शेजारच्या तात्यांना घेऊन गेलो होतो. तात्यांचे रान नदीकाठचे. सिनेमाचा त्यांचा अनुभव जत्रेतल्या तंबूचा आणि अलीकडे टीव्हीचा. त्या दिवशी आसामी भाषेतला 'व्हिलेज रॉकस्टार्स' हा चित्रपट होता.

पहिली पंधरा-वीस मिनिटे पडद्यावर पोरे झाडावर चढत होती, चिखलात लोळत होती, एकमेकांच्या खोड्या काढत होती. तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, सिनेमा कधी सुरू व्हायचा?" मी म्हटले, "हाच तो. सुरू झालाय." ते गप्प बसले. मग पडद्यावर पाऊस आला, नदी फुगली, पाणी शेतात शिरले. तात्या भिंतीला टेकून बसले होते, ते पुढे सरकले. "आता हे पीक गेलं," असे स्वतःशीच पुटपुटले. खेळ संपून बाहेर पडलो तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "एवढा पूर ह्या लोकांनी आणला कुठून? केवढा खर्च आला असेल हो!"

त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले. पुढे मात्र तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून या चित्रपटाची आणि तो करणाऱ्या बाईंची जी हकिकत मी गोळा केली, ती तुमच्यापुढे ठेवतो. तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर तीत आहे.

पूर कुणी आणला नव्हता. पुराची वाट पाहिली होती.

रीमा दास या बाई आसामच्या कामरूप जिल्ह्यातल्या. गुवाहाटीच्या पश्चिमेला छयगाव आहे, त्याच्याजवळचे कलारदिया हे त्यांचे गाव. वडील शिक्षक. मुलीने पुणे विद्यापीठातून समाजशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, पण ओढ नाटक-सिनेमाची. नटी व्हायचे म्हणून 2003 साली ती मुंबईला आली. मुंबईला अशा मुली आणि मुले रोज किती येतात, त्याची मोजदाद नाही. पृथ्वी थिएटरमध्ये प्रेमचंदांच्या 'गोदान'वर आधारलेल्या नाटकात तिने काम केले, पण सिनेमात काही जमेना. मग सत्यजित राय, बर्गमन, इराणचे माजिद मजिदी अशांचे चित्रपट ती एकामागून एक पाहत गेली आणि आपणच चित्रपट करावा असे तिच्या मनाने घेतले. चित्रपटाच्या कोणत्याही शाळेत ती शिकलेली नाही. 2009 साली एक छोटी फिल्म केली. 2016 साली 'अंतर्दृष्टी' नावाचा पहिला मोठा चित्रपट पुरा केला. त्या चित्रपटाच्या निमित्ताने गावी राहणे झाले, आणि तिथे तिला ही मुले दिसली. थर्माकोलची वाद्ये करून, जणू खरा वाद्यवृंदच आपण आहोत अशा थाटात ती मुले रंगून गेलेली. 'व्हिलेज रॉकस्टार्स'चे बी इथे पडले.

आता खर्चाकडे येऊ. चित्रपटाला पैसा लागतो म्हणजे नेमका कशाला लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आपली समजूत अशी, की सगळा पैसा नट-नट्या घेऊन जातात. त्या घेतात हे खरे. पण मोठा खर्च असतो तो दिवसाचा. चित्रीकरणाला शे-सव्वाशे माणसांचा तांडा निघतो. कॅमेरावाले, दिवेवाले, जनरेटरवाला, रंगभूषा, कपडेपट, सुतार, गाड्या, ड्रायव्हर, आचारी. ही सगळी रोजावर असतात. सूर्य ढगाआड गेला म्हणून काम थांबले तरी रोज चुकत नाही. भाड्याची मळणी यंत्रे खळ्यावर आणून उभी केली आणि पाऊस आला, तर शेतकऱ्याच्या पोटात जे होते, तेच निर्मात्याच्या पोटात होते. म्हणून मोठा चित्रपट वाट पाहू शकत नाही. पाऊस हवा असेल तर तो पाण्याचे टँकर आणि फवारे लावून पाडायचा, पण ठरल्या दिवशी पाडायचा. तिथे पैसा जातो तो पावसाला. पण त्याहून अधिक जातो तो वाट न पाहण्याला.

रीमा दास यांच्याकडे पैसा नव्हता. पण त्यांनी तांडाच नेला नाही. कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, कॅमेरा त्यांच्या हातात, पुढे संकलन त्यांचे, आणि निर्मात्याही त्याच. आवाज टिपायला मल्लिका दास ही त्यांची चुलत बहीण. तिनेही हे काम कुठे शिकलेले नव्हते, करता करता शिकली. काम करणारी मुले गावातलीच. माणसे गावची, घरे गावची, गुरे गावची, दिवे नाहीतच, सूर्य तेवढा. दिवसाचा खर्च इतका थोडा, की न झालेल्या दिवसाची चिंता उरली नाही. आज उजेड नीट नाही? उद्या पाहू. यंदा पूर आला नाही? पुढल्या वर्षी येईल. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात त्याची हमी आहे. असे तीनएक वर्षांत मिळून शे-दीडशे दिवस चित्रीकरण झाले. मोठा तांडा घेऊन असे वाट पाहत एवढे दिवस काढणे सहसा कुणाला परवडत नाही. या बाईंना ते परवडले याचे कारण त्या गरीब होत्या, असे म्हटले तर ते उलटे वाटेल. पण हिशेब तसाच आहे.

यात यंत्राचा वाटाही मोठा आहे. पूर्वी चित्रपट फिल्मवर निघे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म कॅमेऱ्यातून मिनिटाला नव्वद फूट सरकते. हा चित्रपट 87 मिनिटांचा आहे. म्हणजे नुसता पडद्यावर दिसणारा भागच पावणेआठ हजार फुटांच्या वर गेला असता. शिवाय चुकलेले, पुन्हा घेतलेले, टाकून दिलेले, हे त्याच्या कितीतरी पट. प्रत्येक फुटाला पैसे, धुलाईला पैसे. तेव्हा "पोरांनो, खेळा तुम्ही, मी इथे उभी आहे" असे म्हणून तासभर कॅमेरा चालू ठेवणे कुणाला शक्य नव्हते. आता फोटो काढायच्या डिजिटल कॅमेऱ्यातच चलचित्र निघते. छोट्या पत्र्यावर ते साठते, घरी येऊन उतरवून घ्यायचे आणि पाटी पुसावी तसा तो पत्रा पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायचा. बाईंनी असाच कॅमेरा वापरला, तो पुष्कळदा हातात धरून. आणि या कॅमेऱ्याला कमी उजेडातही दिसते. दिवेलागणीची वेळ, नुकते उजाडलेले आभाळ, पावसाळी दुपारचा करडा प्रकाश, हे सगळे त्या चित्रपटात जसेच्या तसे उतरले आहे.

मुलांचे काम पाहाल तर तुम्हाला शिक्षक म्हणून त्यात गोडी वाटेल. गॅदरिंगला आपण मुलांकडून संवाद पाठ करून घेतो, मग ती पोपटासारखी बोलतात आणि त्यांचे डोळे पडद्यामागच्या बाईंकडे असतात. इथे तसे नाही. बाई मुलांमध्ये राहिल्या, त्यांच्याबरोबर हिंडल्या. कॅमेऱ्याचे नवल संपेपर्यंत त्यांनी घाई केली नाही. प्रसंग काय आहे तो सांगायचा, शब्द मुलांचे. ती बोलतात ती त्यांच्या घरची कामरूपी बोली, शाळेच्या पुस्तकातली आसामी नव्हे. 'व्हतं', 'आलतं' म्हणणाऱ्या मुलाला आपण वर्गात दहादा थांबवतो आणि मग तो बोलायचाच थांबतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या मुलांचे अडखळल्यावाचूनचे बोलणे ऐकून आपल्या वर्गाची आठवण होईल. मला झाली.

गोष्ट अगदी लहान आहे. धुनू ही दहा वर्षांची मुलगी. बाप पुरात बुडून गेलेला. आई आणि थोरला भाऊ. तिला खरी गिटार हवी आहे. तेवढेच. ती पैपैसा जमवते आणि तेवढ्यात पूर येऊन पीक घेऊन जातो. गिटार मिळते की नाही ते मी सांगत नाही. पण दोन जागा सांगण्यासारख्या आहेत. एक म्हणजे आई तिला पोहायला शिकवते ती. ज्या पाण्याने नवरा नेला त्याच पाण्यात ही बाई मुलीला घेऊन उतरते. दुसरी, धुनू वयात येते तेव्हाची. रीतीप्रमाणे विधी होतात, आणि मग गावच्या बायका बोलू लागतात, आता मुलांबरोबर झाडावर चढणे पुरे. आई मुलीची बाजू घेते. तिचे बोलणे फार नाही. पण ती मागे सरत नाही. सातवी-आठवीतल्या मुलीचे नाव हजेरीतून एकाएकी गळते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. शिवाय चित्रीकरण इतकी वर्षे चालल्यामुळे ती मुलगी आपल्यासमोर खरोखरच वाढते. मोठ्या चित्रपटात वय दाखवायला दोन मुली घेतात किंवा रंगरंगोटी करतात. इथे काळच कामाला लागला.

काळ कामाला लावण्याची ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांजवळ 'राजा हरिश्चंद्र' काढायला भांडवल नव्हते. सावकाराला विश्वास वाटावा म्हणून त्यांनी आधी एक इवलीशी फिल्म केली. एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्यापुढे कॅमेरा ठेवून रोज थोडी थोडी चित्रे घेतली. पडद्यावर पाहणाऱ्यांना बी रुजून वेल वर चढताना मिनिटाभरात दिसला. नट नाही, नेपथ्य नाही. खर्च काय तो दिवसांचा. पुढे 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' आला, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले होते. फिल्मला भोके पाडण्यापासून मंडळींचा स्वयंपाक करण्यापर्यंत त्या माउलीने सगळे केले. बंगालात सत्यजित रायांनी 1952 साली 'पथेर पांचाली' सुरू केला. 'काश' नावाच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या गवतात एका रविवारी थोडे चित्रीकरण झाले. पुन्हा जाऊन पाहतात तो गुरांनी गवत फस्त केलेले. तुरे पुन्हा यायची वाट पाहावी लागली. पैसे संपून काम कितीदा बंद पडले, आणि शेवटी बंगाल सरकारने मदत केली तेव्हा 1955 साली तो पुरा झाला.

फाळक्यांच्या घरच्या माणसांची गोष्ट निघाली म्हणून एक अवघड मुद्दा इथेच बोलून घेतो. 'थोडक्या पैशांत चित्रपट झाला' असे आपण कौतुकाने म्हणतो. तो हिशेब आणि आपला शेतीचा हिशेब मला एकाच वहीतले वाटतात. बी किती, खत किती, औषध किती, मजुरी किती हे शेतकरी लिहितो. पण स्वतः रात्री पाणी धरले, बायकोने निंदणी केली, पोराने शाळा बुडवून राखण केली, ते वहीत येत नाही. सरकारच्या कृषिमूल्य आयोगालासुद्धा घरच्यांच्या श्रमाचा आकडा वेगळा धरावा लागतो, एवढा तो मोठा आहे. या बाईंच्या चित्रपटात तसेच आहे. कॅमेरावाल्याचे रोज वाचले, कारण कॅमेरावाली स्वतः निर्माती. ध्वनिमुद्रकाचे वाचले, कारण बहीण. संकलकाचे वाचले, पण तीन वर्षांचे चित्रीकरण निवडून पाखडून त्यातून 87 मिनिटे काढणे म्हणजे किती रात्री, ते कुणी मोजले? हा चित्रपट स्वस्त नाही. त्याची किंमत पैशात दिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुणी तुमच्या शाळेतल्या होतकरू मुलाला "मोबाईल आहे ना हातात, कर की सिनेमा" असे म्हणेल, तर त्याला ही दुसरी बाजूही सांगावी.

दैवाने या घरच्या श्रमांची दखल घेतली गेली. 2017 साली चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात दाखवला गेला. 2018 साली राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला सुवर्णकमळ मिळाले. आसामी चित्रपटाला हा मान जाह्नू बरुआ यांच्या शेतकऱ्याच्या गेलेल्या जमिनीवरच्या चित्रपटानंतर प्रथमच, तब्बल तीन दशकांनी मिळत होता. त्याच वेळी धुनूचे काम करणाऱ्या भनिता दास हिला बालकलाकाराचा, रीमा दासांना संकलनाचा आणि मल्लिका दास हिला प्रत्यक्ष जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. कधीही न शिकलेल्या त्या मुलीचा पुरस्कार मला चौघांत मोठा वाटतो. चित्रपट पाहताना डोळे मिटून बसा थोडा वेळ. पाण्यावरचा पाऊस आणि पानांवरचा पाऊस यांचे आवाज तिने वेगळे टिपले आहेत.

त्याच वर्षी भारतातर्फे तो ऑस्कर पारितोषिकासाठी पाठवला गेला. तिथे तो पुढच्या यादीत पोचला नाही. परदेशातल्या परीक्षकांपर्यंत चित्रपट नेणे, तो दाखवणे, त्याची जाहिरात करणे हे सगळे रोख पैशाचे काम. तिथे वाट पाहून भागत नाही. चित्रगृहांचेही तेच. चित्रपट काढणे पुष्कळ स्वस्त झाले, पण तो दाखवणे तेवढे स्वस्त झालेले नाही. हा 28 सप्टेंबर 2018 रोजी आपल्याकडे प्रदर्शित झाला. सुवर्णकमळ मिळालेल्याला वाट इतकी अरुंद, तर न मिळालेल्यांचे काय होत असेल? असे पुष्कळ चित्रपट कपाटात पडून असतील. आपण यशस्वी झालेल्या बाईंविषयी बोलत आहोत, हे ध्यानात असू द्यावे.

सगळेच चित्रपट असे करता येणार नाहीत, हेही खरे. पेशवाईतली लढाई काढायची तर घोडे लागणारच. आणि या पद्धतीचा एक दोषही आहे. वेळ हाताशी पुष्कळ असला की माणूस काहीच टाकून द्यायला तयार होत नाही; मधल्या भागात मुलांचे खेळ मला थोडे लांबल्यासारखे वाटले. तात्यांचा पहिला प्रश्न अगदीच अडाणीपणाचा नव्हता.

रीमा दासांनी मात्र पद्धत सोडली नाही. 2018 सालीच त्यांचा 'बुलबुल कॅन सिंग' आला. वयात येणाऱ्या तीन मुलांची ती गोष्ट, त्याच परिसरातली. गावातले लोक नीतीच्या नावाखाली मुलांवर हात टाकतात तेव्हा काय होते, हे त्यात आहे. करोनाच्या काळात त्यांनी सख्ख्या भावाला मुख्य भूमिका देऊन 'तोराज हजबंड' केला. तो 2022 साली दाखवला गेला. तांडाच नव्हता, त्यामुळे तांडाबंदीचे भय थोडे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. या चित्रपटाखाली उमटतात ती अक्षरे इंग्रजी असतात. आसामातल्या खेड्याची गोष्ट महाराष्ट्रातल्या खेड्याला कळायला मध्ये इंग्रजी लागावी, हे मला खटकते. आमच्या खेळाच्या वेळी एका बाईंनी आधी दहा मिनिटे गोष्ट मराठीत सांगितली, आसामचा नकाशा फळ्यावर काढला, ब्रह्मपुत्रा कुठून येते ते दाखवले, आणि मध्ये मध्ये हलक्या आवाजात दोन वाक्ये सांगत राहिल्या. तेवढ्यावर भागले. पूर आल्यावर तर त्यांना काही सांगावेच लागले नाही. तुमच्याकडे खेळ करायचा झाला तर चित्रपटाच्या मालकांची परवानगी मात्र रीतसर घ्या. थोडक्या पैशांत केलेल्याचे तेवढे तरी पैसे त्याला मिळाले पाहिजेत.

ही सगळी हकिकत मी तात्यांना एका संध्याकाळी सांगितली. पुरासाठी बाई थांबून राहिल्या हे ऐकून ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "आणि ती पोरगी? आता मोठी झाली असेल." मी सांगितले, 2024 साली त्याच बाईंनी 'व्हिलेज रॉकस्टार्स'चा दुसरा भाग काढला, त्यात तीच भनिता आहे, आता सतरा-अठरा वर्षांची, आणि कोरियातल्या बुसानच्या महोत्सवात त्याला पारितोषिकही मिळाले.

"म्हणजे बाई अजून तिथंच आहेत म्हणायच्या," तात्या म्हणाले, आणि बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेले. त्या आठवड्यात वीज रात्रीची होती.